रंध्याच्या मशीनची पूजा

“तू जरा बाजूला हो,” सासूबाई म्हणाल्या.

मी नव्या मशीनपाशी फडकं घेऊन उभी होते. सासूबाईंच्या हातात पूजेचं ताट होतं. त्यांच्या मागे शेजारच्या गिरणीवाल्या मंडलिकांची सून सुनंदा, ठेवणीतलं इरकल नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. तिला सवाशीण म्हणून बोलावून आणलं होतं.

“बाजूला म्हणजे कुठं?” मी विचारलं.

“उंबऱ्याच्या भाईर. पूजा हुईस्तवर.”

मी दिराकडे बघितलं. आनंदा हाराच्या दोऱ्याची गाठ सोडवत होता. गाठ तेवढी अवघड नव्हती. तरी त्यानं मान वर केली नाही.

ही छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आजऱ्यात बाजाराच्या मागे आमची सुतारकामाची शेड. माझे मालक काविळीनं गेले त्याला दोन वर्षं झाली होती. मागे राहिलो आम्ही तिघं. लाकूड साफ करायचा मोठा रंधा एकट्याला चालत नाही. मागून एकजण ढकलतो, पुढून दुसरा दोरीनं ओढतो. मालक ढकलायचे, मी ओढायची. ते गेल्यावर आनंदा ढकलायला लागला, ओढणारी मीच राहिले. विधवा बाई पुरुषांच्या शेडमध्ये काय करते, असं कुणी म्हणालं की सासूबाईच त्याला उत्तर द्यायच्या, “रंधा कोण वडणार? तू येतोस?”

शेडमध्ये माझी जागा त्या दोरीच्या टोकाला होती. आणि या मशीनला दोरी नव्हती. त्याच्यापाशी मला उभं राहू दिलं नाही, तर उद्यापासून माझी जागा चुलीपुढे, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी हलले नाही.

“काल कुणी बाजूला हो म्हणालं न्हाई,” मी म्हणाले. “काल दुपारभर मीच चालवलंय हे.”

सुनंदानं हळदीची वाटी हळूच खाली ठेवली. आनंदाची गाठ सुटायची थांबली.

खरं होतं ते. आदल्या दिवशी, गुरुवारी, कोल्हापूरहून रजाक मिस्त्री मशीन जोडायला आले होते. साठीचे, जाड काचेचा चष्मा, खिशात पेन्सिलीचे दोन तुकडे. आनंदा लाकडाच्या डेपोत गेला होता आणि सासूबाई पूजेचं सामान आणायला बाजारात. मिस्त्रींनी इकडेतिकडे बघितलं.

“शिकवू कुणाला? मला चारची एस्टी गाठायचीय.”

“मला शिकवा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्या हाताकडे बघितलं. तळव्यावर दोरीचे घट्टे होते. दुसरं काही त्यांनी विचारलं नाही.

लोखंडी दोन टेबलं, मधे फट, आणि त्या फटीतून जेमतेम वर येणारा मनगटाएवढा जाड रूळ. रुळाला तीन पाती. सगळी मेख ती पाती बसवण्यात होती. मिस्त्रींनी एक सरळ पट्टी मागच्या टेबलावर ठेवली, तिच्यावर पेन्सिलीची खूण केली आणि रूळ हातानं फिरवला. पातं पट्टीला टेकलं आणि तिला घेऊन दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकलं. मग दुसरं पातं. ते चार सूत सरकलं.

“बघितलं? हा भाऊ जास्त वडतोय,” ते म्हणाले. “तिघांनी सारखं वडलं पायजे. एक काम करणार, दोघं बसून खाणार, असं झालं की फळीवर लाटा येत्यात. घरात पण आन् मशीनमधे पण.”

मग नट सैल केले, पातं केसभर खाली ठोकलं, परत पट्टी ठेवली. तिसरं पातं त्यांनी मला बसवायला लावलं. माझं चारदा चुकलं. चारही वेळा त्यांनी फक्त नट सैल करून दिला आणि म्हणाले, “परत.” आवाज चढला नाही की हातातून पाना ओढून घेतला नाही. पाचव्या वेळी पट्टी बरोबर दोन सूत सरकली. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी ‘परत’ म्हणते, ते त्यांचंच आहे.

पाती बसल्यावर रुळावरचं झाकण लावलं. फळी जाईल तसं ते बाजूला सरकतं, फळी गेली की परत मिटतं. “हे झाकण म्हंजे तुझी बोटं,” मिस्त्री म्हणाले. “हे काढलं की बोटं मोजून ठेवायची.”

मग त्यांनी विचारलं, “फळी घालायच्या आधी काय करायचं?”

“रिकामं फिरवायचं.”

“आन्?”

“बघायचं. रुळाची वरची बाजू आपल्याकडं आली पायजे. लांब गेली तर उलटं. मग मेन बंद करून दोन वायरी एकमेकींच्या जागी लावायच्या.”

मिस्त्रींनी चष्मा काढला. “हे कुणी सांगितलं तुला?”

“नेसरीला वडलांची पिठाची गिरणी हाय. विजेच्या डीपीवर कुणी काम केलं की दुसऱ्या दिवशी गिरणी उलटी. दाणं तसंच भाईर. वडील म्हणायचे, दाणं टाकायच्या आधी पट्टा बघ. मी सात वर्षांची असल्यापासून बघतेय.”

“मग मी हितं कशाला आलोय?” ते हसून म्हणाले.

त्यांनी हिरवं बटन दाबलं. फिरायला लागल्यावर दोन क्षण पाती दिसतात. तेवढ्यात बघून घ्यायचं. मग वेग चढतो आणि रूळ नुसता चकचकीत, स्थिर असल्यासारखा दिसतो. आवाज छातीत येऊन बसला. मी फणसाची फळी टेबलावर ठेवली आणि पुढे नेली. पिवळ्या ढलप्या खाली ओतल्यासारख्या पडल्या. फळी पलीकडे निघाली तेव्हा तिच्यावर हात फिरवला. लाकूड गार लागलं, नुकतंच पाण्यातून काढल्यासारखं. अशा फळीला आम्हा दोघांना अर्धा तास लागायचा, आणि संध्याकाळी माझा उजवा खांदा वर जायचा नाही. हे मशीन मालकांना घ्यायचं होतं. त्यांच्या हातून झालं नाही. मी त्या दुपारी अकरा फळ्या काढल्या. बारावी काढताना मला रडू आलं, म्हणून मी थांबले.

आनंदा अंधार पडताना परतला. त्याला काही सांगितलं नाही. सकाळी पूजा झाल्यावर फळी घालून दाखवायची, त्याचं तोंड बघायचं, असं मी मनात ठरवलं होतं.

आणि आता तो माझ्याकडे बघत होता, पण त्या तोंडावर मला बघायचं होतं ते काही नव्हतं.

“वैनी, पूजेच्या आधी? सांगायचं तरी.”

“तुमी डेपोत होता.”

“तसं न्हवं.”

“मग कसं?”

तो परत हाराकडे वळला. सासूबाई बोलल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्या सुनंदाला म्हणाल्या, जणू मी तिथं नव्हतेच, “नव्या वस्तूला पहिला हात हिचा लागला. घरात गोमूत्र हाय का बघ बाई.”

गोमूत्र आलं. मिस्त्रींनी तेलाच्या बोळ्यानं पुसून आरशासारख्या केलेल्या त्या टेबलांवर सासूबाईंनी ते आंब्याच्या पानानं शिंपडलं. मग पाणी. मग परत गोमूत्र. लोखंडावर थेंब तसेच राहिले. मी म्हणाले, “आत्याबाई, गंज येईल.”

“तुझ्यामुळं जे यायचं त्याच्यापरीस गंज बरा.”

विधवा झाल्यावरही दोन वर्षं मी ती दोरी ओढली. बाळंतपणात बायका जेवढ्या कळा सोसतात तेवढ्या मी खांद्यात सोसल्या, आणि घरात त्यावर जेवण शिजलं. तेव्हा माझा हात चालला. हाताखालचं लाकूड कुणाच्या दाराला, कुणाच्या पाळण्याला लागलं. कुणाचं वाईट झालं नाही. मी उंबऱ्याबाहेर गेले. गेले म्हणजे सुनंदानं दंडाला धरून मला नेलं, आणि नेताना कानाशी म्हणाली, “वैनी, जाऊ द्या. म्हातारं माणूस.”

आनंदानं झाकण एका बाजूला वळवलं, कारण हार घालायला ते आड येत होतं. झेंडूचा हार त्याच्यावर अडकवला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. सकाळपासून लाईट नव्हती. बाजारातल्या डीपीवर वायरमन चढलेला मी येताना बघितला होता. सासूबाईंना साडेदहाच्या आत मशीन सुरू व्हायला हवं होतं, त्यानंतर वेळ चांगली नव्हती. सव्वादहाला शेडमधला बल्ब लागला. सगळ्यांनी हात जोडले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “आता पहिली फळी निघस्तवर तुझ्या तोंडातनं शब्द येऊ देऊ नको. शुभ वेळ हाय.”

आनंदानं हिरवं बटन दाबलं. रूळ फिरला, वेग चढला, दिसेनासा झाला. त्यानं फळी ठेवली, डावा हात तिच्यावर दाबला आणि पुढे नेली. तसं न्यायची गरजच पडली नाही. फळी त्याच्या हाताखालून सुटली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. तिच्यावर दाबलेला हात खाली आला.

लाल बटन मी दाबलं. उंबरा कधी ओलांडला ते आठवत नाही. झेंडूच्या पाकळ्या शेडभर उडाल्या होत्या. आनंदा आपल्या हाताकडे असं बघत होता, जणू तो हात दुसऱ्याचाच आहे.

मधल्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाची टोकं गेली, नखाच्या खालच्या पेरापर्यंत. त्याला गडहिंग्लजला दवाखान्यात ठेवलं. सासूबाईंनी शेडला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. संध्याकाळपर्यंत आजऱ्यात ज्याला त्याला ठाऊक होतं की पूजेआधी विधवेनं हात लावला म्हणून नव्या मशीननं दिराची बोटं खाल्ली. सासूबाई अंगणात बसून येईल त्याला तेच सांगत होत्या. “माझा एक गेला हिच्या पायगुणानं. दुसऱ्याचा हात नेला.” मी आत भाकरी थापत होते. प्रत्येक शब्द ऐकू यावा अशाच बेतानं त्या बसल्या होत्या. मी तवा असा आपटला की त्याचा कान तुटला. तो तुटका तवा अजून माझ्याकडे आहे.

सोमवारी आनंदा हाताला पांढरा गोळा बांधून आला. अंगणात सुनंदा आणि तिचे सासरे त्याला बघायला आले होते. आनंदा बाजेवर बसला आणि म्हणाला, “मशीन परत पाठवायचं.”

“कशाला?” मी दारातून विचारलं.

“वैनी, आता नगं.”

“आता न्हाई तर कधी? आत्याबाई, किल्ली द्या.”

“कुणाला? तुला?”

“मला.”

त्यांनी किल्ली दिली नाही. मी कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि शेडकडे चालायला लागले. कुलपावर दुसरा घाव पडायच्या आत किल्ली आली. आनंदानंच त्यांच्याकडून मागून आणली होती, चांगल्या हातात धरून.

टेबलावर गंजाचे तांबडे ठिपके उठले होते, बरोबर थेंब पडले तिथं. मी कुणाकडे बघितलं नाही. म्हणाले, “सुनंदा, शुक्रवारी दुपारी तुमची गिरणी काय करत हुती?”

सुनंदा गोंधळली. “कुठली, आमची? उलटी फिरत हुती. मामंजींनी वायरी बदलल्या.”

“का उलटी फिरत हुती?”

म्हातारे मंडलिक म्हणाले, “डीपीवर काम केलंतं की त्यांनी. फेज बदलले. अख्ख्या गावाच्या मोटरी उलट्या झाल्या.”

“तुमच्या गिरणीला कुठल्या विधवेनं हात लावला होता?”

मी मूठभर भुसा घेतला, बटन दाबलं आणि लांबून रुळावर टाकला. भुसा पलीकडच्या भिंतीकडे उडाला. मेन बंद केला, स्टार्टरचं झाकण उघडलं, दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. रागात स्क्रू दोनदा निसटला. परत बटन, परत भुसा. भुसा माझ्या अंगावर आला. रुळावरचं झाकण नीट मिटवलं आणि फणसाची तीच फळी, भिंतीवर आपटून कोपरा चेचलेली, मशीनवरून काढली. पिवळ्या ढलप्या पडल्या. फळी मी सासूबाईंच्या हातात दिली.

“हात फिरवून बघा,” मी म्हणाले. “विधवेनं काढलीय.”

त्यांनी हात फिरवला नाही. फळी छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. आनंदा पुढे आला आणि सगळ्यांसमोर खाली वाकला, माझ्या पायापर्यंत. “चुकलं, वैनी,” म्हणाला. त्याचा बांधलेला हात माझ्या पावलाला लागला.

मी त्याला उठवलं नाही. मला एका प्रश्नाची भीती वाटत होती. तो कुणी विचारला नाही.

त्या दिवसापासून मशीन माझं झालं. पुढं सासूबाई माझ्या हातचा चहा झाल्याशिवाय शेडमधून हलत नसत. त्यांनी माफी मागितली नाही, पण रोज सकाळी टेबलं तेलाच्या बोळ्यानं त्या स्वतः पुसायच्या. त्या ठिपक्यांच्या खुणा शेवटपर्यंत गेल्या नाहीत. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

आता माझं वय बहात्तर. रविवारी सकाळी गावातली आठ-दहा पोरं शेडमध्ये येतात. त्यांना पटाशी धरायला, करवत सरळ चालवायला शिकवते. मशीनला त्यांना हात लावू देत नाही. ते मी चालवते, ती लांबून बघतात. पण एक नियम आहे. हिरवं बटन दाबायच्या आधी सगळ्यांनी रुळाकडे बघायचं आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. सरळ की उलटं. कुणी गप्प बस म्हणालं तरी सांगायचं. मी म्हणाले तरी.

गेल्या रविवारी त्यांना ही गोष्ट सांगितली. आनंदा कोपऱ्यात स्टुलावर बसून पॉलिश पेपरनं लाटणं गुळगुळीत करत होता. आता तोही आजोबा झालाय. पोरं त्याच्या हाताकडे बघत होती आणि तो त्यांना बोटं नाचवून दाखवत होता.

सहावीतली सायली सगळ्यात पुढे बसते. तिनं हात वर केला.

“आजी, मिस्त्रींनी तुम्हाला शिकवलं होतं ना, दोन क्षण बघायचं?”

“हो.”

“आणि तुम्ही उंबऱ्यापाशीच होता.”

“हो.”

“मग तुम्हाला दिसलं नाही?”

छत्तीस वर्षांत तो प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. कोपऱ्यातला पॉलिश पेपरचा आवाज थांबला होता.

“दिसलं होतं,” मी म्हणाले. “रुळाची वरची बाजू लांब जाताना दिसली. मला कळलं. भावजींनी फळी उचलून टेबलावर ठेवली, तेवढा वेळ होता माझ्याकडं. एक शब्द बोलायला पुरला असता. मी मनात म्हणाले, गप्प बस म्हणालात ना, घ्या आता. मला वाटलं फळी अडेल, जळेल, ह्यांची फजिती होईल. बोटांचं मनात नव्हतं. पण बोलले नाही.”

मला आनंदाकडे बघवेना. मी टेबलावरच्या एका तांबड्या ठिपक्याकडे बघत राहिले.

“मला ठाऊक हाय,” आनंदा म्हणाला.

“काय ठाऊक हाय?”

“बटन दाबल्यावर मी तुमच्याकडंच बघत होतो. तोंड उघडलंत आन् मिटलंत.” त्यानं लाटणं मांडीवर आडवं ठेवलं. “मला वाटलं, रागानं मिटलं. दवाखान्यात पडल्या पडल्या कळलं कशानं.”

“आणि कधी बोलला न्हाईत?”

“काय बोलू? आईनं तुमाला भाईर काढलं तवा मी हाराची गाठ सोडवत बसलोतो, वैनी. गाठ नव्हतीच त्या दोऱ्याला.”

त्यानं लाटणं उचललं आणि परत घासायला लागला. थोड्या वेळानं घासता घासताच म्हणाला, “पोरं खोळंबलीत.”

मी फळी घेतली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून चष्मा पुसला, झाकण तपासलं, पोरांना जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या मागे उभं केलं. आनंदा उठून त्यांच्यात जाऊन उभा राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून. मी बटन दाबलं.

“सरळ,” सायली म्हणाली.

“सरळ,” बाकीची पोरं म्हणाली.

मी थांबले. आनंदा अजून बघत होता.

“सरळ हाय, वैनी,” तो म्हणाला. मग मी फळी पुढे नेली.